विसंगत, पण चालू

हंस्लोहून दोन बस बदलून आलो.
पट्टा ट्रेमध्ये, छत्री ट्रेमध्ये, पेपरमिंटची पुडीसुद्धा ट्रेमध्ये,
आणि कुणी विचारलं नाही, काका, तुमची तारीख कुठली.

नागपूर खंडपीठात एकतीस वर्षं शिरस्तेदार होतो,
पुकारा अजून कानात आहे.
इथे पुकारा नाही.
न्यायमूर्ती साध्या सुटांत, वळणदार टेबलाशी,
वकिलांच्याच उंचीवर बसलेले,
जणू सोसायटीची वार्षिक सभा, फक्त बटाटेवडे यायचे बाकी.
मान वर न करता न्याय दिसतो,
हे मला आधी खटकलंच.

आज बेरिल प्रॉथेरो नावाच्या बाईंचं प्रकरण.
तेवीस वर्षं एका माणसाबरोबर संसार केला, लग्न तेवढं राहिलं;
तो गेला, आणि पेन्शनचा कायदा म्हणाला, तू कोण?
पाच जण ऐकत होते. न कंटाळता.
एका स्वल्पविरामावर पाऊण तास.

शेजारच्या विद्यार्थिनीला हळूच विचारलं:
बाई जिंकल्या तर कलम रद्द ना?
नाही, म्हणाली.
फार तर जाहीर करतील, हे कलम हक्कांशी विसंगत आहे.
आणि मग?
मग ते चालू राहील.
तिनं भिंतीकडे बोट केलं, भिंतीपलीकडे चौक, चौकापलीकडे पार्लमेंट.
त्यांना वाटलं, तर ते बदलतील.

मला हसू आलं, ते मी रुमालात घेतलं.
'रद्दबातल' हा शब्द मी या बोटांनी टाइप केलाय,
त्यानंतर कायदा श्वास घेत नसे.
आमच्याकडे घटनेची दुरुस्तीसुद्धा टिचकी मारून बघतात,
बाजारात बाई मडकं बघते तशी.
आणि ही एवढी मोठी इमारत, नुसतं म्हणणार?

रात्री जावयाला सांगितलं. हेनिंग कार्ल्सरूहच्या बाजूचा.
त्यांच्याकडे लाल झगे, आणि कुणीही साधं पत्र लिहून दाद मागावी;
शंभरात दोघांचीच लागते, तो म्हणाला, पण पोस्टाचा खर्च तेवढाच.
फ्रेंच लोक कायद्याची पत्रिका लग्नाआधी बघायचे,
हल्ली लग्नानंतरही बघतात.
अमेरिकेत म्हणे जिल्ह्याचा न्यायाधीशही एखाद्या सकाळी म्हणू शकतो,
हा कायदा घटनेत बसत नाही.
बोलता बोलता त्यानं डाळीत लिंबू पिळलं,
आणि वर सात वाजले.

सात वाजता नातवाच्या खोलीचं दार बंद होतं.
दीड वर्षाचा जीव. रडतो.
मी म्हणतो, शलाका, हे बरोबर नाही.
ती म्हणते, नोंद घेतली, बाबा.
दार बंदच.

एकोणिसाव्या वर्षी तिनं स्वतःपुरता एक कायदा केला होता:
बडोद्याला जायचं, चित्रं काढायची.
मी तो एका ओळीत रद्द केला.
कारणमीमांसा नाही. अपील नाही.
निकालाची प्रत तिनं कधी मागितली नाही,
मीही कधी दिली नाही.
इथे ती विमा कंपनीत आकडे तपासते, चांगली तपासते,
फोनवर बोलताना पाकिटांच्या पाठीवर पेनानं
हात काढत राहते. नुसते हात. मनगटापर्यंत.

काल रात्री पाणी प्यायला उठलो.
नातवाचं दार वीतभर उघडं होतं.
बिजागरी सैल असेल. वारा असेल.
सकाळी मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही,
नियम होता तोच आहे.

प्रॉथेरोबाईंचा निकाल लागायला काही महिने जातील,
त्या पोरीनं सांगितलं.
तोवर माझा व्हिसा संपलेला असेल.
छत्री मात्र आज तिथेच ट्रेमध्ये विसरलो;
आणायला उद्या पुन्हा जावं लागेल.